उभ्या गाडीचं ऑइल

माळशेज घाटात गाडी कडेला लावून उभं राहायचा एक सीझन असतो. जुलै-ऑगस्ट. धुकं, धबधबे, गरम भजी, फोटो. आम्ही मात्र तिथे उभे राहिलो ते २०२५च्या मे महिन्यात, भर दुपारी. गाडीत मी, आई, बाबा, आजी आणि डिकीत हापूसच्या दोन पेट्या. ओतूरला मामेबहिणीच्या हळदीला निघालो होतो. आंबिवली सोडलं, मुरबाडला चहा झाला, टोकावडे गेलं, मोरोशी गेलं, चढ सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर डॅशबोर्डवर एक लाल दिवा लुकलुकला. अल्लाउद्दीनच्या दिव्याचं चित्र असतं ना, तोच. वळण संपलं, दिवा विझला. पुढचं वळण आलं, पुन्हा पेटला.

मी म्हटलं, "विझला की! सेन्सर खराब असेल."

बाबा म्हणाले, "कडेला घे आणि इंजिन बंद कर. आत्ता."

बाबांचा हा आवाज मी दहावीच्या प्रिलिमनंतर पहिल्यांदाच ऐकला. मुकाट्याने गाडी बाजूला घेतली. बाबांनी बॉनेट उघडलं, दहा मिनिटं थांबले, डिपस्टिक ओढली, माझ्या नव्याकोऱ्या स्टोलला पुसली (होय, लग्नासाठी घेतलेल्या!), पुन्हा बुडवली, पुन्हा काढली. पट्टीवर दोन खुणा असतात. वरची आणि खालची. आमचं ऑइल खालच्या खुणेच्याही खाली, अगदी टोकाला, काजळाच्या बोटाएवढं.

"ऑइल कधी बदललं होतंस?"

मंडळी, आता तुम्हीही इथे क्षणभर थांबा आणि स्वतःला हाच प्रश्न विचारा. आठवतंय? नाही ना? मलाही आठवलं नव्हतं. शेवटी काचेच्या कोपऱ्यातल्या स्टिकरने सांगितलं, ऑक्टोबर २०२३. म्हणजे एकोणीस महिने. पण माझ्याकडे बिनतोड युक्तिवाद तयार होता. "बाबा, पुढची सर्व्हिस दहा हजार किलोमीटरला आहे. आपले अजून साडेचार हजारही झालेले नाहीत!"

बाबांनी काही न बोलता स्टिकरवर बोट ठेवलं. 'दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, जे आधी होईल ते.' मी एकोणीस महिने रोज त्या स्टिकरशेजारून रस्ता बघत होते. वाचलं होतं फक्त पहिलं अर्धं वाक्य.

पुढचा प्रश्न ऑइल आणायचं कुठून. एका दुचाकीवाल्या भल्या मुलामागे बसून बाबा टोकावड्याच्या दिशेने गेले. आम्ही तिघी सावली शोधत बसलो. मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी गाडीचं मॅन्युअल उघडलं. २०१५ सालची गाडी, पुस्तक अजून प्लास्टिकच्या पिशवीत. ऑइलचं पान काढलं. तिथे स्वच्छ छापलेलं, ५डब्ल्यू-३०. तासाभराने बाबा परतले ते एक लिटरचा डबा घेऊन. त्यावर लिहिलेलं, २०डब्ल्यू-४०.

"बाबा, हे नाही चालणार! पुस्तकात वेगळं दिलंय." पंधरा मिनिटांपूर्वी मिळालेल्या ज्ञानाचा आवेश होता तो.

बाबा झाकण फिरवत म्हणाले, "घराला आग लागली की पाणी नळाचं की विहिरीचं, ते विचारत बसत नाहीत."

थोडं ओतलं, थांबले, पट्टी बघितली, आणखी थोडं ओतलं. दिवा गेला तो गेलाच. एसी बंद ठेवून, चाळीसच्या वेगाने ओतूर गाठलं. हळद लागून गेली होती. आजी त्या दिवसापासून प्रत्येक पाहुण्याला सांगते, "नातीनं गाडीला तेलाशिवाय ठेवलं." घराण्याच्या इतिहासात माझी नोंद झाली ती अशी!

पण खरं शिक्षण त्यानंतर, कल्याणला आमच्या मेकॅनिककाकांकडे झालं. त्यांनी ऑइल भरायचं झाकण काढून आतली बाजू दाखवली. मला वाटलं काळंकुट्ट काही असेल. तर आत चक्क फेसाळलेल्या कॉफीसारखी पिवळट-तपकिरी साय!

"ताई, गाडी पळते किती?"

"फारच कमी, काका. म्हणून तर ऑइल बदलायची वेळ आली नाही."

"म्हणून तर आली!"

आता आमच्या गाडीचा दिनक्रम सांगते, बघा ओळखीचा वाटतो का. सकाळी आईला तिच्या शाळेत सोडायचं, तिथून आंबिवली स्टेशन. सगळा प्रवास जेमतेम अडीच किलोमीटर. गाडी दिवसभर उभी आणि मी टिटवाळा, आसनगाव किंवा कसारा, जी लोकल मिळेल तिच्यात उभी. संध्याकाळी तेच उलटं. रविवारी फार तर टिटवाळ्याच्या गणपतीला. म्हणजे गाडीला आराम, असा माझा समज. आपल्या पट्ट्यातल्या, शहाडपासून बदलापूरपर्यंतच्या, निम्म्याअधिक घरगुती गाड्या अशाच जगत असतील. ऑफिसला लोकल, स्टेशनपर्यंत गाडी.

काकांनी समजावलं ते असं. थंड इंजिनला सुरू होताना जास्त पेट्रोल लागतं. त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. शिवाय पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, तीही थोडी आत शिरते आणि थंड धातूवर दव धरावं तशी धरते. इंजिन वीस-पंचवीस मिनिटं नीट तापून चाललं, की हे पाणी आणि पेट्रोल उडून जातं. पण अडीच किलोमीटरमध्ये इंजिन तापतं कुठे? तापायच्या आत आपण चावी फिरवून लोकल पकडायला पळतो. रोज थोडं पाणी, रोज थोडं पेट्रोल. ऑइल पातळ होतं, त्यातली आम्लं वाढतात आणि ती मारायला घातलेली रसायनं संपत जातात. ऑइल म्हातारं होतं, मीटर मात्र तरुणच राहतो.

आणि घाटातच दिवा का लागला? तेही कळलं. दहा वर्षांची गाडी, थोडं ऑइल जाळतेच. एरवी त्यात मुरलेलं पेट्रोल आणि पाणी पातळी वर दाखवत राहतं. लांबच्या प्रवासात इंजिन पहिल्यांदा खरोखर तापलं, ते पाहुणे उडून गेले आणि उरलं ते खरं ऑइल. अगदी थोडं. त्यात वळण आलं, की ते एका बाजूला कलंडायचं, पंपाच्या तोंडाशी हवा यायची, दाब पडायचा, दिवा लुकलुकायचा. हा दिवा म्हणजे 'ऑइल संपत आलंय' असा पेट्रोलच्या काट्यासारखा प्रेमळ निरोप नव्हे. ऑइलचा दाब पडलाय, धातू धातूवर घासायच्या बेतात आहे, असा तो अर्थ. तसंच आणखी दोन-चार किलोमीटर गेले असते, तर लग्नाच्या आहेरापेक्षा मोठा आहेर गॅरेजमध्ये करावा लागला असता. कदाचित अख्ख्या इंजिनाचा.

तर आता मुद्द्याचा प्रश्न. घालायचं कुठलं ऑइल? हा प्रश्न मी चार लोकांना विचारला आणि पाच उत्तरं मिळाली.

पहिलं घराणं आमच्या सोसायटीतल्या काकांचं. 'जाड ऑइल ते खरं ऑइल. आपल्याकडे ऊन किती! पातळ ऑइल पाण्यासारखं वाहून जाईल. २०डब्ल्यू-४० टाक, डोळे मिटून.' दुसरं घराणं ऑफिसातल्या गाडीवेड्या मित्राचं. 'फुल्ली सिंथेटिक, रेसिंगवालं, सर्वात महाग असेल ते घे. इंजिन लोण्यासारखं चालेल.' तिसरं घराणं दुकानाच्या काउंटरवरचं. 'मॅडम, कुठली गाडी आहे ते साहेबांना विचारून या.' या तिसऱ्या घराण्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही, हे मासिक घरातली लहान मुलंही वाचतात.

आधी डब्यावरचे आकडे समजून घेऊ. ५डब्ल्यू-३० मधला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा सांगतो, ऑइल थंडीत किती वाहतं राहतं. हा आकडा म्हणजे अंश सेल्सिअस नव्हे. पण चाचणीचं तापमान ठरलेलं आहे. ५डब्ल्यू ऑइल उणे ३० अंशांना आणि २०डब्ल्यू उणे १५ अंशांना तपासतात. आता तुम्ही म्हणाल, आंबिवलीत उणे कुठलं आलं? बरोबर. पण खोबरेल आठवा. डिसेंबरमध्ये बाटलीत गोठून बसतं, तरी गोठण्याच्या आधीही ते हळूहळू घट्ट होतच असतं की नाही? तसंच हे. सकाळच्या पंचवीस अंशांनाही २०डब्ल्यू हे ५डब्ल्यूपेक्षा दाटच असतं आणि इंजिनाच्या माथ्यापर्यंत पोचायला त्याला जास्त वेळ लागतो. इंजिनाची बरीचशी झीज होते ती सुरू होतानाच्या आणि तापेपर्यंतच्या त्या काळात. ज्यांची गाडी दिवसातून चारदा सुरू होते आणि दहा मिनिटं चालते, त्यांची गाडी म्हणजे निव्वळ सुरुवातच सुरुवात!

दुसरा आकडा, म्हणजे ३० किंवा ४०, ऑइल तापल्यावर किती दाट राहतं ते सांगतो. तो मोजतात १०० अंश सेल्सिअसला. इथेच सोसायटीतल्या काकांचं घराणं गडबडतं. बाहेर मे महिन्याचे चाळीस अंश असोत की जानेवारीचे पंधरा, इंजिन तापलं की आतलं ऑइल साधारण शंभरच्या आसपासच असतं. तिथलं तापमान राखायला कूलंट आणि थर्मोस्टॅट बसवलेले आहेत. तेव्हा 'आपल्याकडे ऊन फार' हे जाड ऑइल घालायचं कारण होऊ शकत नाही.

पण काकांना हसू नका. त्यांचं ज्ञान चुकीचं नव्हतं, जुनं आहे. ते शिकले प्रीमियर पद्मिनीवर. ती काळी-पिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. त्या काळातल्या इंजिनांचे सांधे सैल, ऑइलच्या वाटा रुंद. त्यांना दाट ऑइल मानवायचं. आताच्या इंजिनात त्या वाटा केसासारख्या बारीक. अनेक गाड्यांमध्ये तर व्हॉल्व्ह कधी उघडायचे, हेही ऑइलच्या दाबावर ठरतं. तिथे दाट ऑइल म्हणजे सकाळच्या ८.०५च्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर पाचव्याला बसवणं. जाईल, पण सगळ्यांचे हाल. अलीकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ असे आकडे दिसतात ते त्यामुळेच. पातळ ऑइलने इंजिनाचं घर्षण कमी होतं आणि थोडं पेट्रोलही वाचतं. पण म्हणून मीही उद्या माझ्या दहा वर्षांच्या गाडीत ०डब्ल्यू-१६ ओतायचं का? अजिबात नाही. जे इंजिन ज्या ऑइलसाठी बनवलं, ते त्याला. काही मॅन्युअलमध्ये एकाऐवजी दोन-तीन ग्रेडचा तक्ता असतो. गाडी जुनी होऊन ऑइल जाळू लागली, की त्या तक्त्यातली जरा दाट ग्रेड घ्यायची मुभा असते. तक्त्याबाहेर जायची नाही.

आता दुसरी खूण, जी डब्याच्या मागे बारीक अक्षरात असते आणि आपण कधीच वाचत नाही. एपीआय. ग्रेड म्हणजे ऑइलचा दाटपणा, एपीआय म्हणजे त्याची प्रत. पेट्रोल इंजिनाच्या ऑइलला 'एस'ने सुरू होणारी अक्षरं आणि डिझेलला 'सी'ने. एसएल आलं २००१ साली, एसएम २००४, एसएन २०१०, एसपी २०२०च्या मे महिन्यात आणि एसक्यू मार्च २०२५मध्ये. दुसरं अक्षर जितकं पुढचं, तितकी प्रत नवी. सोय अशी की पेट्रोलच्या बाबतीत नवी प्रत जुन्या इंजिनाला चालते. माझ्या २०१५च्या गाडीचं पुस्तक एसएन म्हणत असेल, तर एसपी घ्यायला हरकत नाही. उलट मात्र करायचं नाही. स्वस्तात मिळालं म्हणून नव्या गाडीला एसएल, असले उद्योग नकोत.

डिझेलवाल्यांनी जास्तच सांभाळायचं. १ एप्रिल २०२०पासून देशात बीएस-६ आलं, त्यानंतरच्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, बसवलेली असते. साध्या ऑइलमधल्या धातूयुक्त रसायनांची राख या जाळीत अडकते आणि ती काही जळून जात नाही. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं ऑइल सांगितलेलं असतं. पुस्तकात एसीईए सी२, सी३ अशी खूण असेल, तर डब्यावर तीच हवी. आणि हो, स्टेशन ते घर एवढंच चालणाऱ्या डिझेल गाडीची जाळी आधीच तुंबत असते. ती साफ व्हायलाही गाडी तापून पळावी लागते.

मग ऑफिसातल्या मित्राचं महागडं घराणं? त्याचं अर्धं खरं आहे. सिंथेटिक ऑइल मिनरलपेक्षा उन्हाथंडीत स्वभाव कमी बदलतं, लवकर बिघडत नाही, आणि ५डब्ल्यू-३०सारख्या पातळ ग्रेड बहुतेक सिंथेटिक किंवा सेमी सिंथेटिकच असतात. पण रेसच्या गाडीचं ऑइल रेसच्या गाडीसाठी. स्टेशनला जाणाऱ्या हॅचबॅकला ते घालणं म्हणजे भाजी आणायला शेरवानी घालून जाणं. आणि कितीही महाग असलं, तरी ऑइलमध्ये शिरलेलं पाणी आणि पेट्रोल त्याची किंमत विचारत नाही. महाग ऑइल एकोणीस महिने ठेवण्यापेक्षा योग्य ग्रेडचं साधं ऑइल वेळेवर बदलणं केव्हाही स्वस्त. ब्रँडची भांडणंही सोडा. सर्व्हो, मॅक, एचपी, कॅस्ट्रॉल, गल्फ, कुठलंही घ्या, ग्रेड आणि प्रत पुस्तकाशी जुळली की झालं. ऑइलचा मूळ माल कुठून येतो, माहीत आहे? देशातली सर्वात मोठी ल्यूब रिफायनरी आपल्या चेंबूरजवळ माहुलला आहे, हिंदुस्थान पेट्रोलियमची. हार्बर लाइनवरून जाताना दिसणाऱ्या त्या चिमण्यांना उगाच नाकं मुरडू नका!

एक मोह खास घरगुती. भावाच्या बाइकचं उरलेलं ऑइल कपाटात असतं, ते कारमध्ये. किंवा कारचं बाइकमध्ये. बाइकचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून तिच्या डब्यावर जासो एमए अशी खूण असते. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ते बाइकमध्ये गेलं, की क्लच घसरू शकतो. दोन्हीकडची उरलीसुरली बाटली आपापल्या घरी सुखी.

मग घाटात बाबांनी ओतलेलं २०डब्ल्यू-४०? तेही बरोबरच होतं. ऑइल नसण्यापेक्षा चुकीच्या ग्रेडचं ऑइल शंभर पटीने बरं. कमी पडलं, की मिळेल ते इंजिन ऑइल खुणेपर्यंत भरायचं, सावकाश जायचं आणि घरी पोचल्यावर सगळं काढून योग्य ते भरायचं. फक्त वरच्या खुणेच्या वर जायचं नाही. जास्त झालं, तर आतला फिरता दांडा ते घुसळतो, त्याचा फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही.

झाकणाखालच्या त्या सायीबद्दलही सांगायलाच हवं. थंडीत किंवा पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांच्या गाडीला ती येते. अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवली, की बहुतेक वेळा जाते. पण डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ दिसलं आणि कूलंटही कमी होत असेल, तर सरळ मेकॅनिक. तीच गोष्ट पुराची. २६ जुलै २००५ला उल्हास नदीने कल्याण-बदलापूर पट्ट्यात काय केलं, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. जुलै २०१९मध्ये तर आपण स्वतः पाहिलं. अशा पाण्यात गाडी बुडाली असेल, तर 'चालू होते का बघू' हा उत्साह आवरा. चावीसुद्धा फिरवायची नाही. टो करून न्यायची. पाणी शिरलेलं ऑइल काढलं, तर इंजिन वाचतं. आपला उत्साह त्याला मारतो.

आता खरेदी. डबा सीलबंद, नीट बिलासह, ओळखीच्या दुकानातून किंवा पंपावरून घ्या. सुटं, पिंपातलं ऑइल नको. आपल्यासमोर डबा उघडायला लावा आणि रिकामा डबा भोक पाडून टाका, म्हणजे त्यात पुन्हा कुणी काही भरणार नाही. ऑइलबरोबर फिल्टर बदललाच पाहिजे. नाहीतर आंघोळ करून तोच घामट शर्ट घातल्यासारखं. इंजिन फ्लश, जादूची बाटली, ताकद वाढवणारं अमुकतमुक, या सगळ्याला हसून 'नको' म्हणा. आणि काढलेलं ऑइल नाल्यात ओतू देऊ नका. ते कायद्यानेच घातक कचऱ्यात मोडतं. ते गॅरेजने जमा करून नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्याला द्यायचं असतं. शिवाय आपल्या कल्याण-डोंबिवलीचं पिण्याचं पाणी याच उल्हास नदीतून, मोहिलीला उचललं जातं. नाल्यात ओतलेलं ऑइल आपल्याच माठाच्या दिशेने निघालेलं असतं.

राहता राहिला प्रश्न, बदलायचं कधी. मॅन्युअलमध्ये एक तक्ता असतो, 'खडतर वापर' नावाचा. मला वाटायचं, खडतर म्हणजे लेह-लडाख, वाळवंट, डोंगर. वाचलं तर त्यात काय? वारंवार छोट्या फेऱ्या. तासन्‌तास रांगेत चालू ठेवलेलं इंजिन. धुळीचे रस्ते. म्हणजे आंबिवली स्टेशन, शीळफाटा आणि उरलेलं कल्याण! शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलात, तर मीटर दोन किलोमीटर पुढे जातो, इंजिन मात्र पूर्ण तास चाललेलं असतं. आपली गाडी आरामात जगते, असं ज्यांना ज्यांना वाटतं, त्यांनी हा तक्ता एकदा वाचावा. खडतर वापराच्या गाडीचं ऑइल पुस्तकं वर्षाच्याही आधी बदलायला सांगतात.

हे सगळं ऐकून झाल्यावर काकांनी विचारलं, "याआधी कुठलं ऑइल घालत होता? काही नोंद आहे?" मी पुन्हा ते मॅन्युअल काढलं. घाटात पुढची पानं वाचली होती, मागची नव्हती. मागे नोंदींचा तक्ता. त्यात बाबांचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. दसरा २०१५, ऑइल, फिल्टर, ५डब्ल्यू-३०, इतके किलोमीटर. दसरा २०१६, तेच. दसरा २०१७. लॉकडाऊनच्या २०२०मध्येही, गाडी जवळजवळ हललीच नव्हती तेव्हा, ओळ आहे. शेवटची ओळ, दसरा २०२२. त्या वर्षी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी चावी माझ्या हातात दिली. त्याखाली रिकाम्या ओळी.

म्हणजे घाटात मी ज्यांना ५डब्ल्यू-३० वर व्याख्यान दिलं, ते आठ वर्षं तेच घालत होते. मॅन्युअल माझ्याआधी त्यांनी वाचलं होतं आणि मला तेव्हा एका शब्दाने सुनावलं नाही. मी चावी घेतली, पेट्रोलचं बिल घेतलं, इन्शुरन्स घेतला. हे पान मात्र माझ्याकडे आलंच नाही, कारण मी कधी उघडलंच नाही.

मे महिन्यात नवं ऑइल, नवा फिल्टर झाला. काका म्हणाले, आतला मळ धुवून निघावा म्हणून पुढचा बदल लवकर कर. तेव्हा दसऱ्याला पुन्हा केला आणि गाडी परत बाबांच्या पंचांगावर आणली. तसेही आपण दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतोच. पाडव्यालाही घालतो. हार घालायच्या आधी बॉनेट उघडायचं. दसऱ्याला ऑइल आणि फिल्टर. पाडव्याला मेकॅनिकला दाखवायचं आणि तो म्हणाला तर तेव्हाही बदल. महिन्यातून एकदा सकाळी, सपाट जागी, थंड इंजिनावर डिपस्टिक. रविवारी टिटवाळ्याऐवजी कधी मुरबाडपर्यंत, इंजिन नीट तापू दे. किलोमीटर बघायचेच नाहीत. आपल्यासारख्यांच्या गाडीचं वय मीटरवर कळत नाही, कॅलेंडरवर कळतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी मी ते पान उघडून बाबांच्या शेवटच्या ओळीखाली माझ्या दोन ओळी लिहिल्या. बाबांनी चष्मा लावून वाचल्या आणि म्हणाले, "किलोमीटर लिहायचे राहिले."

लिहिले. आणि तो स्टोल आता कायमचा डिकीत असतो, डिपस्टिक पुसायला.